क्रीडा संकुलात गैरवर्तनाची तक्रार आली, तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?

प्रश्न विचारणारे गृहस्थ एका तालुक्याच्या गावी ट्रस्टच्या क्रीडा संकुलाचे चिटणीस आहेत. पंचवीस मीटरचा टँक, बॅडमिंटनची दोन कोर्टं, जिम, संध्याकाळी मल्लखांब. पगारी, रोजंदारीवरची आणि टक्केवारीवरची धरून चौदा माणसं. एका महिन्यात त्यांच्याकडे तीन तक्रारी आल्या. चौदा वर्षांच्या एका जलतरणपटूची आई म्हणाली की सर स्ट्रोक सुधारताना मुलीची कंबर धरून ठेवतात आणि रात्री अकरानंतर तिला ‘आज छान दिसत होतीस’ असे मेसेज करतात. काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं की एक जुने सभासद, जे देणगीदारही आहेत, पावती घेताना हात धरतात आणि नको ते बोलतात. जिममधल्या दोघी-तिघींची तक्रार अशी की एक मुलगा स्वतःचे व्हिडिओ काढतो आणि त्यात मागे त्या दिसतात. कार्यकारिणीचं म्हणणं, रविवारी सगळ्यांना समोरासमोर बसवू आणि विषय मिटवून टाकू. चिटणीसांचा प्रश्न असा: ‘खरं-खोटं ठरवायचं कसं? कोणावर अन्याय नको आणि संस्थेची बदनामीही नको.’

मी बारा वर्षं टँकवर शिकवलं, मग दोन संकुलांचं व्यवस्थापन पाहिलं, आणि आता काही संस्थांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या, अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. त्या अनुभवातून पहिलं सांगणं एवढंच की रविवारची बैठक रद्द करा. आजच करा.

खरं-खोटं ठरवणं हे आज तुमचं काम नाही. ते ज्यांचं काम आहे त्यांची नावं कायद्यात लिहिलेली आहेत. तुमच्याकडे आज तीन कामं आहेत. जे सांगितलं गेलं ते नीट ऐकून लिहून घ्यायचं, ते योग्य दारात पोचवायचं, आणि तोवर तक्रार करणारीचा सराव किंवा नोकरी बंद पडू द्यायची नाही. तिसरं काम सगळ्यात जास्त विसरलं जातं. तक्रार झाल्यावर मुलगी ‘काही दिवस घरीच बरी’ म्हणून थांबते, कोच नेहमीच्या वेळेला शिट्टी गळ्यात घालून टँकवर उभा असतो, आणि महिन्याभरात तिचं नाव फीच्या वहीतून निघून जातं. संस्थेनं काय निर्णय घेतला हे मग गावातल्या बाकीच्या मुलींना कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

एका संकुलात हे मी जवळून पाहिलं. तिथल्या चिटणीसांनी तक्रार आल्याबरोबर कोचला ‘विश्वासात घेऊन’ सांगितलं. हेतू चांगला होता, त्याची बाजूही कळावी असा. त्याच रात्री कोच मुलीच्या मामाला बरोबर घेऊन तिच्या घरी गेला. सकाळी आईचा फोन आला, ‘आमची काही तक्रार नाही, गैरसमज झाला.’ कार्यकारिणीनं सुटकेचा निःश्वास टाकला. मुलगी परत पाण्यात उतरली नाही. दीड वर्षानं दुसऱ्या मुलीची तक्रार आली, माणूस तोच. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला सांगायचं, पण सगळ्यात शेवटी आणि लेखी.

तुमच्याकडच्या तीन तक्रारी तीन वेगळ्या दारांच्या आहेत. एकाच बैठकीत त्या बसवल्या तर तिन्ही बिघडतील.

मुलीची तक्रार सगळ्यात जड आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते. ती अठराच्या आत आहे. इथे लागू होतो २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात. मुलगा असो की मुलगी, दोघांसाठी तो सारखाच आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, अशा कोणाही माणसानं स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत. याच कलमात असंही आहे की चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘उद्या कोचनं आमच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला तर?’ ही भीती प्रत्येक कार्यकारिणीत कोणीतरी बोलून दाखवतं. तिला उत्तर इथेच आहे.

हे फक्त कागदावर राहिलेलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना सांगितलं नाही, असा आरोप तिथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर होता. उच्च न्यायालयानं त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि माहीत असून गप्प राहणं हाच गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं. त्याच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, नागपूर खंडपीठाच्या एका निकालाबाबत त्याच न्यायालयानं स्पष्ट केलं होतं की लैंगिक हेतूनं कपड्यांवरून केलेला स्पर्शही या कायद्याखाली अपराध ठरतो. त्वचेला त्वचा लागायलाच हवी असं नाही. ‘पोहण्याचा पूर्ण पोशाख अंगावर होता’ हे उत्तर म्हणून पुरत नाही.

तुमच्या मनात येणारी शंका मला ठाऊक आहे. पोहायला शिकवताना हात लावावा लागतोच की! हा प्रश्न खरा आहे आणि याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा टँकवर जास्त सापडतं. सहा-सात वर्षांचं मूल पहिल्यांदा पाण्यात उतरतं तेव्हा पाठीवर तरंगायला शिकवताना आम्ही डोक्याखाली आणि पाठीच्या वरच्या भागाखाली तळहात सपाट ठेवतो. पाय मारायला शिकवताना त्याच्या हातात बोर्ड देतो किंवा त्याचे हात धरतो. हात लावण्याआधी सांगतो, ‘आता मी पाठीला आधार देतेय.’ मूल तरंगायला लागलं की हात काढतो. हे सगळं काठावर बसलेल्या आयांच्या डोळ्यांसमोर होतं. स्पर्धेत उतरणारी चौदा वर्षांची मुलगी यातल्या कुठल्याच टप्प्यात नसते. तिचा स्ट्रोक काठावरून पाहून सुधारतात. कोपर कुठे आलं पाहिजे ते स्वतःच्या हातानं दाखवतात, फार तर काठावर उभं करून कोपराला किंवा मनगटाला दिशा देतात. आजकाल पालकांच्या मोबाइलवर एक लांबी चित्रित करून तिला दाखवलं तरी काम होतं. तिची कंबर धरून ठेवण्याला शिकवण्याच्या दृष्टीनं मला कारण दिसत नाही.

सगळ्या खेळांना हेच माप लावता येणार नाही. मल्लखांबावर उलटी पकड शिकवताना कोचचा हात कमरेशी नसला तर मूल मानेवर पडेल. कुस्ती आणि कबड्डी तर अंगाला अंग लागल्याशिवाय होतच नाहीत. म्हणून ‘स्पर्श झाला का?’ असं विचारून काही हाती लागत नाही. त्या वयाला आणि त्या कौशल्याला तो लागत होता का, आधी सांगून केला का, चारचौघांत केला का, आणि नको म्हटल्यावर थांबला का, हे चार प्रश्न विचारावे लागतात. जिममध्ये बेंच प्रेस करणाऱ्याच्या मदतीला उभ्या राहिलेल्या ट्रेनरचे हात बारखाली असतात, अंगावर नसतात. ज्याला आपलं काम येतं त्याला हा फरक शिकवावा लागत नाही.

आणि तुमच्या बाबतीत नुसता स्पर्श नाही, रात्री अकरानंतरचे मेसेजही आहेत. सरावाची वेळ बदलली, पाणी बदलायचं म्हणून टँक बंद आहे, हे सगळं पालकांच्या ग्रुपवर टाकता येतं. चौदा वर्षांच्या मुलीला खासगीत दिसण्याबद्दल लिहिण्याचं कारण कोणत्याही खेळात नाही. दोन्ही एकत्र पाहिल्यावर मला धास्ती वाटते. कायद्यानं वापरलेला शब्दही तोच आहे. पुरावा जमवून मग कळवा असं कायदा म्हणत नाही. पुरावा जमवणं हे पोलिसांचं काम आहे.

आता क्रम सांगते. आईला बोलवा, शक्यतो संस्थेतल्या एका जबाबदार बाईसमोर. मुलीला ऑफिसात उभं करून प्रश्न विचारू नका. तिला ते सगळं पोलिसांना सांगायचंच आहे. तुम्ही एकदा, अध्यक्षांनी एकदा आणि विश्वस्तांनी एकदा विचारलं की तिच्या सांगण्यात छोटे फरक पडतात आणि उद्या तेच तिच्याविरुद्ध वापरले जातात. मुलगी आपणहून बोललीच तर ऐका आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘अयोग्य स्पर्श केला’ ही तुमची भाषा झाली; तिनं ‘सर सोडतच नव्हते’ म्हटलं असेल तर तेच लिहा. ‘आधी का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न विचारू नका, त्यात तिच्यावरचा ठपका आहे. आणि ‘मी हे कोणालाच सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. ‘ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन’ एवढं म्हणा.

लिहून घेतलेल्या कागदावर तारीख, वेळ, जागा आणि कोण हजर होतं ते टाका, आवक नोंदवहीत क्रमांक द्या आणि आईला पोच द्या. नोंदवहीत विषयाच्या रकान्यात ‘गोपनीय’ एवढंच लिहा, ती वही शिपाईही उघडतो. मेसेज मुलीच्या किंवा आईच्या फोनमध्येच राहू द्या, काही पुसू नका म्हणून सांगा, आणि कृपा करून त्याचे स्क्रीनशॉट कार्यकारिणीच्या ग्रुपवर टाकू नका. तिथून ते गावभर व्हायला तासही लागत नाही. काठावरचा आणि दरवाज्याजवळचा कॅमेरा असेल तर चित्रण त्याच दिवशी उतरवून घ्या, कारण बहुतेक यंत्रं काही दिवसांनी जुन्यावर नवं चढवतात. कोणी उतरवलं, कधी उतरवलं, कुठे ठेवलं, तेही लिहा.

मग पोलीस. इथे आई म्हणेल, ‘पोलीस नको, मुलीची जात आहे, उद्या लग्न करायचंय.’ मी हे इतक्या वेळा ऐकलंय की त्यावरचं माझं उत्तर आता पाठ झालंय, तरी दर वेळी ते सांगताना जड जातं. अठराच्या पुढच्या बाईची तक्रार असेल तर पोलिसांकडे जायचं की नाही हे तिनं ठरवायचं. मुलीच्या बाबतीत ती मोकळीक तुम्हाला नाही, आईलाही नाही. पण याची दुसरी बाजू आईला सांगा: खबर देण्याचं ओझं तिच्यावर नाही, संस्थेचा चिटणीस म्हणून तुम्ही लेखी खबर देणार आहात. मुलीला ठाण्यात जाऊन बसावं लागत नाही. कायद्याप्रमाणे तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता, आई-वडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस समोर असताना घ्यायचा असतो. तिचं नाव, फोटो, शाळा प्रसिद्ध करता येत नाही. हे ऐकल्यावर बऱ्याच आया थोड्या सैल होतात. काही होत नाहीत. एका आईनं माझ्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं, आणि तिचा राग मला आजही चुकीचा वाटत नाही. तरीही मी तेच करीन. ठाण्यात दाद लागेना तर ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक आहेत.

खबर दिल्यानंतरच कोचला पत्र द्या: तुमच्याबाबत तक्रार आली आहे, चौकशी पूर्ण होईपर्यंत तुम्हाला कामापासून दूर ठेवत आहोत, ही शिक्षा नाही, या काळात तक्रारदार कुटुंबाशी थेट किंवा कोणामार्फतही संपर्क करू नये. नेमणुकीच्या अटी पाहून मानधन चालू ठेवा. त्याला मुलीच्या बॅचवरून काढून लहान मुलांच्या बॅचवर टाकणं ही तडजोड करू नका. मी ती झालेली पाहिली आहे. तुमच्याकडे एकच जलतरण कोच असेल तर शेजारच्या तालुक्यातून कोणी तात्पुरतं मिळतं का पाहा. तोपर्यंत पोहता येणाऱ्या मुलांचा सराव जीवरक्षकाच्या देखरेखीखाली चालू राहू शकतो. मुलीची बॅच, तिची वेळ, तिची लेन, तीच राहू द्या.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: आईचं ऐकणं, लिहून घेणं, चित्रण जपणं, पोलिसांना लेखी खबर, मग कोचला पत्र. साधारण दीड दिवसाचं काम आहे. ‘त्यानं राज्याची पदकं आणली’ हा मुद्दा या दीड दिवसात कोणीतरी तीनदा काढेल. पदकं त्यानं नाही, मुलांनी आणली.

आता कोचच्या बाजूनं, कारण तुम्ही विचारलेला अन्यायाचा प्रश्न मी टाळणार नाही. त्याच्यावर नेमका काय आरोप आहे हे त्याला लेखी कळलं पाहिजे, उत्तर द्यायला वेळ मिळाला पाहिजे, आणि तोवर त्याच्या दारावर पालकांचा जमाव जाता कामा नये. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या बडतर्फीचं प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी परत पाठवलं. कारण हेच की विद्यापीठाच्या समितीनं लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी घाईघाईत उरकली आणि त्यांना बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही. इतक्या वर्षांनी चौकशी पुन्हा सुरू. यात तक्रार करणाऱ्यांच्या पदरात तरी काय पडलं? माझ्याच समितीपुढे मल्लखांबाच्या एका कोचविरुद्ध तक्रार आली होती. तक्रार करणारी वीस वर्षांची मुलगी होती, नव्यानंच आलेली. आम्ही दोघांचं स्वतंत्रपणे ऐकलं, इतर मुलींशी बोललो, मैदानावर जाऊन ती पकड करून पाहिली. आधार देण्यासाठीच हात होता, पण आधी सांगितलं नव्हतं, असं निघालं. मुलीलाही ते पटलं. तो कोच पुढच्या महिन्यात त्याच पालकांसमोर शिकवायला उभा राहू शकला, कारण चौकशी झाली होती आणि ती कशी झाली हे त्यांना दिसलं होतं. मिटवामिटवी झाली असती तर संशय कायमचा चिकटला असता. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती, असंही कायदा मानत नाही. त्या मुलीला कोणी ‘खोटारडी’ म्हणणार नाही याची काळजी आम्ही तेवढीच घेतली.

काउंटरवरच्या ताईंची तक्रार दुसऱ्या दाराची आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला मनाई करणारा २०१३ चा कायदा कामाची जागा म्हणजे काय हे सांगताना क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची ठिकाणं यांची नावं घेतो. दहा किंवा जास्त कामगार असले की अंतर्गत समिती हवीच, आणि कामगार मोजताना रोजंदारीचे, कंत्राटी, शिकाऊ, अगदी बिनपगारी स्वयंसेवकसुद्धा धरायचे. तुमचे टक्केवारीवरचे कोच यात येतात. ‘पगारी सातच आहेत’ ही पळवाट चालत नाही. समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असते, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतले, एक बाहेरची व्यक्ती, आणि एकूण निम्म्या तरी महिला. समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तुमच्याकडे समिती नसणार असा माझा अंदाज आहे. यात तुम्ही एकटे नाही: त्याच मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं एका वृत्तपत्राच्या बातमीचा दाखला दिला होता, ३० राष्ट्रीय क्रीडा संघटनांपैकी १६ संघटनांकडे ही समिती नव्हती.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, वकील आणायचे नाहीत, आणि कामकाजाची वाच्यता करायची नाही. समेट होऊ शकतो, पण तो ताईंनी स्वतः मागितला तरच, आणि त्यात पैशांचा व्यवहार नको. म्हणजे ‘साहेबांनी माफी मागितली, आता विसरा’ हे तुम्ही सुचवायचं नाही.

देणगीदार तुमचा कर्मचारी नाही, म्हणून हात वर करता येत नाहीत. बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही कामाची जागा सुरक्षित ठेवणं ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि ताईंना पोलिसांत जायचं असेल तर त्यांना मदत करणं हीसुद्धा. मी असते तर आज संध्याकाळपासून काउंटरवर दोन माणसं बसवली असती, त्या गृहस्थांना पावतीसाठी काउंटरवर येऊ नका असं अध्यक्षांच्या सहीचं पत्र दिलं असतं, आणि घटना-नियमांत सभासदत्व स्थगित करायचं कलम आहे का ते पाहिलं असतं. ताईंना मात्र जिमच्या मागच्या खोलीत बसवलं नसतं. जागा कोणाची बदलायची, हा प्रश्न तिथेच सुटतो. देणगी जाईल. कदाचित जाईल. ते पैसे मी माझ्या हिशोबात कधी धरलेच नसते.

एक गोष्ट अध्यक्षांनाही वाचून दाखवा. १९९० साली पंचकुल्यात टेनिस खेळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीनं हरियाणा लॉन टेनिस संघटनेच्या प्रमुखाविरुद्ध तक्रार केली. तो पोलीस दलातला वरिष्ठ अधिकारीही होता. १९९३ मध्ये त्या मुलीनं जीव दिला. न्यायालयानं त्याला दोषी ठरवलं ते डिसेंबर २००९ मध्ये. एकोणीस वर्षं. ज्याच्याकडे दाद मागायची तोच समोर उभा असेल तर काय होतं, हे या एका प्रकरणात सगळं आहे. म्हणून समितीवर बाहेरची व्यक्ती घेताना अध्यक्षांच्या नात्यातली, धंद्यातली किंवा उपकाराखालची घेऊ नका. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा, या विषयात काम करणाऱ्या संस्थांची नावं तिथे मिळतात.

जिमचा मामला त्या मानानं सोपा. फोन लॉकरमध्ये, चित्रीकरण बंद, नियम दारावर, पहिल्यांदा लेखी समज, दुसऱ्यांदा सभासदत्व बंद. त्या मुलाला बोलावून आधी एवढंच विचारा की व्हिडिओत या का दिसतात, आणि त्याच्यासमोर काय काढलंय ते पाहा. अनेकदा निष्काळजीपणा असतो. पण कॅमेरा मुद्दाम त्यांच्यावर रोखलेला दिसला, किंवा चेंजिंग रूममध्ये कोणाचाही फोन चित्रीकरण करताना सापडला, तर तो संस्थेच्या नियमांचा विषय राहत नाही. बाईचं खासगी क्षणी चोरून चित्रण करण्यासाठी भारतीय न्याय संहितेत वेगळं कलम आहे. फोन हातात घेऊन पुसायला लावू नका, पोलिसांना बोलवा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तक्रार करणारा मोठा पुरुष असेल तर २०१३ चा कायदा त्याला लागू होत नाही; म्हणून संस्थेची स्वतःची वर्तणूक नियमावली असावी आणि तीत सगळे यावेत. निनावी चिठ्ठी आली तर चौकशी उभी करणं कठीण असतं, पण त्या बॅचवर दुसरा मोठा माणूस उभा करणं कठीण नसतं. संकुल नगरपालिकेचं असेल आणि ट्रस्ट फक्त चालवत असेल, तर करारात जबाबदारी कोणाची लिहिली आहे ते काढून पाहा आणि मुख्याधिकाऱ्यांनाही लेखी कळवा.

स्पर्धेच्या प्रवासाबद्दल एक जोडते, कारण तुमच्या मुली पुढच्या मोसमात बाहेरगावी जाणारच. जून २०२२ मध्ये स्लोव्हेनियातल्या सराव शिबिरात एका भारतीय महिला सायकलपटूनं कोचविरुद्ध तक्रार केली. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणानं महिला खेळाडू असलेल्या पथकांबरोबर महिला कोच पाठवणं राष्ट्रीय संघटनांना सक्तीचं केलं. तुमच्याकडे महिला कोच नसेल तर एखाद्या आईचं तिकीट संस्थेनं काढावं. खर्च फार नाही.

आज संध्याकाळी त्या आईला तुम्ही स्वतः फोन करा, शिपायाकडून निरोप नको. तक्रार घेतली आहे, उद्या सकाळी येऊन सही करा, पुढे काय होईल ते मी समोर बसून सांगतो, असं सांगा. आणि त्याच फोनवर हेही सांगा की उद्या संध्याकाळची मुलीची बॅच नेहमीच्याच वेळेला आहे, काठावर कोण उभं असेल ते नावानिशी सांगा. ती पहिल्या दिवशी येणार नाही कदाचित. दुसऱ्या दिवशी परत फोन करा.